एकतीस जानेवारीची माणसं

फोन वाजला तेव्हा डुगल्ड रेनी राजपुत्राला रोममध्ये मारत होता. दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो त्याला मारायचा, आणि दरवर्षी थोड्या कमी शब्दांत. ‘१७८८. तख्ताविना राहिलेला स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्स एडवर्ड याचं रोममध्ये निधन.’ यंदा ‘तख्ताविना राहिलेला’ ठेवावं की काढावं, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि तेवढाही त्याला जड जात होता.

“खाली एक बाई बसल्यात,” खालच्या टेबलावरची जीनेट फोनवर म्हणाली. “सकाळी दहापासून. मी म्हटलं, चिठ्ठी लिहून ठेवा, तर म्हणतात चिठ्ठ्या लिहून झाल्या. लार्नहून आल्यात, समुद्रापलीकडून, आयर्लंडहून.”

“माझ्याकडे?”

“तारखांच्या माणसाकडे, असं म्हणाल्या. ते तुम्हीच ना?”

ते आपणच, असं डुगल्डनं कबूल केलं. गेली सव्वीस वर्षं ग्लासगोच्या त्या वर्तमानपत्रात, हवामानाच्या खाली आणि शब्दकोड्याच्या वर, ‘आजच्या दिवशी’ हे सदर तो लिहीत होता. वर नाव नाही, खाली नाव नाही. निम्म्या शहराचे आजोबा आयर्लंडहून आलेले, निम्म्याचे स्कॉटलंडच्याच डोंगराळ भागातून. म्हणून स्कॉटलंडचं एक, आयर्लंडचं एक, अशा जोडीनं तारखा द्यायच्या हा जुन्या संपादकांनी घालून दिलेला नेम होता. त्यातही एका बाजूचा संत छापला की दुसऱ्या बाजूची लढाई छापायची, नाहीतर सोमवारी पत्रांचा ढीग. त्याच्या टेबलामागे लाकडी खोक्यांत तीनशे सहासष्ट गठ्ठे होते, प्रत्येक दिवसाच्या कार्डांचा एक. एकतीस जानेवारीचा गठ्ठा फार जाड नव्हता. आयर्लंडमधल्या फर्न्सचा संत एडन. राजपुत्र, ज्याच्याबद्दल दोन म्हातारे दरवर्षी न चुकता लिहीत की तो खरं म्हणजे तीस तारखेलाच गेला होता, पण त्याच्या पणजोबाचं डोकं उडवलं ती तीच तारीख पडत होती, म्हणून मरण एक दिवस पुढं ढकललं. मग १९१८च्या त्या पाणबुड्या, मे बेटाजवळ अंधारात एकमेकींवर आदळलेल्या. आणि शेवटी १९५३ची फेरी, आयर्लंडला जाताना वादळात बुडालेली प्रवासी बोट. सव्वीस वर्षांत डुगल्डची काळाची समजूतच बिघडून गेली होती. त्याच्या लेखी वर्षं एकामागून एक येत नव्हती, एकावर एक पडत होती. सोळा एप्रिल म्हटलं की कलोडनच्या माळावर लढाईचा चिखल, आणि तो दरवर्षीच ओला. कुणाचं काही संपतच नव्हतं. माणसं मरायची, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा मरायला हजर. स्वतःच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस मात्र तो विसरला होता. “तुझ्या खोक्यात आपलं कार्ड नसणार,” त्याची बायको एफी म्हणाली होती, आणि त्यावर ती हसली नव्हती. आताशा ती काही म्हणतही नसे. दोन वर्षांनी तो निवृत्त होणार होता आणि मग दोघं घरात समोरासमोर बसून काय करणार, हा विचार त्याच्या मनात जिन्याच्या प्रत्येक वळणावर येई. लिफ्ट नोव्हेंबरपासून बंद होती. उजवा गुडघा उतरताना जास्त दुखायचा. चार मजले उतरेपर्यंत त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, की बाई राजपुत्राच्या बाजूच्या असतील किंवा संताच्या, कुठल्याही असल्या तरी तो त्यांना ‘आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे’ असं सांगेल आणि चहा न पाजता वाटेला लावील.

बाई खिडकीखालच्या बाकावर बसली होती. पंचाहत्तरीची असेल. हिरवट रंगाचा जाड कोट गळ्यापर्यंत लावलेला, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. बोटीच्या प्रवासात माणूस बसतं तशी ती बसली होती, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट.

“बसा,” ती म्हणाली, जणू कचेरी तिचीच होती. “मी सेलिना मगी. तुम्ही लिहिता ना ते? रोजच्या तारखा?”

“हो. मी डुगल्ड रेनी. काही चूक झाली असेल तर...”

“एक नाही हो, बऱ्याच.” तिनं पर्स उघडली. आतून एक पाकीट निघालं, पाकिटातून कात्रणं. लग्नाच्या पत्रिका जपाव्यात तशी ती एकावर एक नीट ठेवलेली होती. “माझी चुलतबहीण इथं पार्टिकमध्ये राहते. दर फेब्रुवारीत मला कापून पाठवते. हे एकसष्ट सालचं बघा, फेरीवर बुडालेले. एकशे तेहतीस. हे सहासष्टचं, एकशे अठ्ठावीस. हे बघा, ‘सुमारे एकशे तीस’. सुमारे! हे एकोणऐंशीचं, एकशे चौतीस. त्या वर्षी मला जरा बरं वाटलं होतं. आणि गेल्या साली तुम्ही परत एकशे तेहतीसवर आलात.”

डुगल्डनं कात्रणं हातात घेतली. सव्वीसही होती. त्यानं लिहिलेलं इतक्या जपून ठेवलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, एफीकडेसुद्धा नाही. “बाई, त्या बोटीवर नेमके किती जण होते यावर कधी एकमतच झालं नाही,” तो म्हणाला. “एका पुस्तकात एक आकडा, दुसऱ्यात दुसरा. मी समोर येईल तो...”

“समोर येईल तो,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुमचं बरोबर आहे. तुम्हाला रोज लिहायचं असतं. पण मिस्टर रेनी, तो जो एक कमी-जास्त होतो ना, ती माझी नॅन आहे. एका वर्षी तुम्ही तिला बुडवता, दुसऱ्या वर्षी बाहेर काढता. मला आता ते सोसवत नाही. मला काय ते एकदा ठरवून द्या.”

मग तिनं जे सांगितलं ते फार थोडक्यात, पुष्कळदा सांगून गुळगुळीत झालेल्या गोष्टीसारखं. नॅन एकोणीस वर्षांची, तिची थोरली मुलगी. इकडच्या किनाऱ्यावर, पोर्टपॅट्रिकला एका खाणावळीत कामाला होती, खोल्या झाडायच्या, टेबलं लावायची. शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊन निघाली, घरी जाते म्हणाली. घरी कुणाला पत्र नाही, तार नाही. शनिवारी सकाळी जवळच्याच स्ट्रॅनरार बंदरातून लार्नची बोट सुटली आणि दुपारी आयर्लंडचा किनारा दिसेल इतक्या जवळ येऊन बुडाली. वाचले ते सगळे पुरुष. बाया एकूण एक गेल्या, मुलंही गेली. नॅनचं प्रेत मिळालं नाही, पण पुष्कळांची मिळाली नाहीत. ज्या ज्या याद्या निघाल्या त्यांतल्या एकीतही तिचं नाव नव्हतं. “वसंतात मी इकडे आले, धक्क्यावर एकेकाला विचारलं. फोटो दाखवला. त्या दिवशी कोण कुणाचं तोंड बघत होतं हो? वादळ होतं. आमच्या गल्लीत मग हळूहळू सुरू झालं. पोरगी बोटीवर चढलीच नाही. खाणावळीत कुणी खलाशी उतरला होता, त्याच्याबरोबर लिव्हरपूलला गेली. पोटुशी होती. सॅमीनं, माझ्या नवऱ्यानं, दोन वर्षं ऐकून घेतलं आणि मग भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला. म्हणाला, बुडाली असती तर रडलो असतो. एकोणसत्तरला तो गेला, तोपर्यंत रडला नाही.”

“आणि तुम्ही?” डुगल्डनं विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

“मी? कधी हे, कधी ते. लिव्हरपूलची असली तर आता त्रेपन्न वर्षांची असेल. मला नातवंडं असतील. कधी त्यांची नावंसुद्धा ठेवते मी मनात. मग थंडी येते, आणि मला वाटतं, असं आईला चौतीस वर्षं एक ओळ न लिहिणारी पोरगी माझी नव्हती.” तिनं पर्स मिटली. “नॅन तशी नव्हती. लिहायला चुका करायची, पण लिहायची.”

नॅन. हा शब्द तिनं आतापर्यंत पाच-सहा वेळा उच्चारला असेल, पण या वेळी तो डुगल्डच्या कानांत न थांबता खाली कुठंतरी गेला, आणि तिथं काहीतरी हललं. आधी वास आला. ओल्या लोकरीचा, रॉकेलचा, उकळून काळ्या झालेल्या चहाचा. मग एक अंगठा आला, चिंधी बांधलेला. स्ट्रॅनरारच्या धक्क्यावर, एक फेब्रुवारीच्या सकाळी, तो स्वतः उभा होता. सत्तावीस वर्षांचा. बातमीदार म्हणून लागून आठ महिने झाले होते. ग्लासगोहून निघाला तेव्हा रस्त्यात झाडं आडवी पडलेली, गाडी तीनदा फिरवून न्यावी लागली, त्यामुळे तो पोचला तेव्हा रविवार उजाडला होता. वारा पडला होता. पाणी इतकं शांत, इतकं निर्लज्ज शांत होतं की त्याला त्याचाच जास्त राग आला होता. ‘नावं आण,’ मुख्य बातमीदार म्हणाले होते, ‘नाव, आडनाव, गाव, वय. अर्धवट आणू नकोस.’ आणि त्यानं नावं आणली होती. रुमालात तोंड खुपसलेल्या माणसांच्या जवळ जाऊन तो विचारत होता, आडनावाची अक्षरं कशी, वय काय, आणि ती माणसं आज्ञाधारक मुलांसारखी सांगत होती. चाळीसएक नावं झाल्यावर त्याच्या बोटांना पेन्सिल कळेनाशी झाली. तेव्हा त्या चहावाल्यानं त्याला हाक मारून चहा दिला होता. कपाला विळखा घालणारा तो चिंधीचा अंगठा. आणि तो म्हणाला होता, हो, तो म्हणालाच होता, ‘एक पोरगी होती बघ. इथंच उभी राहून चहा प्यायली. लार्नची. नॅन म्हणत होते तिला. आईला चकित करायला निघालेय, म्हणाली.’ ‘आडनाव?’ डुगल्डनं विचारलं होतं. ‘ते काय ठाऊक बाबा. चहा पिणाऱ्याला आडनाव कोण विचारतो?’ डुगल्डनं वही उघडलीही होती. पान भरलं होतं. पान उलटायचं म्हणजे हातमोजा काढायचा. त्यानं वही मिटली आणि चहा प्यायला. तो चहा त्याला फार बरा लागला होता. आयुष्यात इतका बरा चहा पुन्हा लागला नाही, आणि त्याच संध्याकाळी त्यानं नावं फोनवरून सांगितली, कुणीतरी टंकली, छापली. महिन्याभरानं त्यानं बातमीदारी सोडून आतलं काम मागून घेतलं. आवाज बसतो, असं कारण दिलं. कचेरीत आता त्या वेळचं कुणी उरलं नव्हतं. ती फेरी तो सव्वीस वर्षं छापत आला, कलोडन छापतो तशी, कुणा दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवून.

पण हे खरं होतं का? समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहताना त्याला भीती वाटली. अंगठा खरा होता, त्याबद्दल शंका नव्हती. चहा खरा होता. पण नाव? नाव आत्ता, या बाकावर, तिच्या तोंडून त्याच्या डोक्यात गेलं होतं, आणि दमलेलं डोकं कुठलंही कार्ड कुठल्याही गठ्ठ्यात खुपसतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? मॉली असेल. जेन असेल. धक्काच दुसरा असेल. पुढं एकदा तो एका बुडालेल्या मासेमारी बोटीसाठी आणखी कुठं गेला होता का? गप्प बसणं सोपं होतं. ‘आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे’ हे वाक्य अजून तोंडात तयार होतं. सांगितलं तर तो एका आईला तिची मुलगी मेली म्हणून सांगणार होता, बहुधा शेवटचं, आणि लिव्हरपूलची ती नातवंडं, नावं ठेवलेली, एका वाक्यात पुसणार होता.

“मिस्टर रेनी, तुम्हाला बरं नाही का? पांढरे पडलात.”

“मी होतो तिथं,” डुगल्ड म्हणाला. “दुसऱ्या दिवशी. बातमीदार होतो.”

तिचे हात पर्सवर तसेच. त्यानं सांगितलं. चहावाला, अंगठा, ‘आईला चकित करायला निघालेय’. वही मिटली तेही सांगितलं. हातमोज्याचं सांगताना त्याचा आवाज खरोखरच बसला.

ती वळून खिडकीबाहेर बघू लागली. रस्त्यावरून बस गेली, काचा थरथरल्या.

“तुम्हाला खात्री आहे?”

“नाही,” तो म्हणाला. “चहावाला होता. कुठल्यातरी मुलीचं त्यानं सांगितलं होतं. पण नॅन हे नाव मला तुम्ही बोललात तेव्हा आठवलं.”

“म्हणजे मी बोलले म्हणून.”

“असूही शकेल. मला सांगता येत नाही, बाई. फार वर्षं झाली. मी खोटं बोलत नाहीये, पण खरं बोलतोय हेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.”

“आणखी काय म्हणाला तो? दिसायची कशी, काही?”

डुगल्डनं डोळे मिटले. नको म्हणत असतानाही ते आलं. “टोपी. लाल टोपी होती, लोकरीची. वाऱ्यानं उडेल म्हणून डोक्यावर एक हात ठेवून चहा पीत होती, असं त्यानं करून दाखवलं होतं.”

“लाल टोपी नव्हती तिच्याकडे,” सेलिना मगी लगेच म्हणाली.

डुगल्डच्या छातीवरचं एक ओझं उतरलं आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची शरम वाटली. म्हणजे दुसरीच कुणी. म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या मुलीचं नाव त्यानं लिहून घेतलं नव्हतं. जीनेट टेबलावरून मान उंचावून बघत होती. तिला त्यानं हातानं खूण केली की काही नाही. बाईंना स्टेशनवर सोडायला हवं, गाडी किती वाजता असते, असले विचार तो ओळीनं करू लागला.

“मी घालू द्यायचे नाही तिला,” ती म्हणाली. इतक्या हळू, की तो वाकला. “लाल. आमच्याकडे चालायचं नाही. चर्चमध्ये लोक बोलायचे. दुकानासमोर उभी राहायची, मी हाताला धरून ओढायचे. पोर्टपॅट्रिकला तिला कोण अडवणार होतं?” तिनं एक हात पर्सवरून उचलला आणि स्वतःच्या पांढऱ्या केसांवर ठेवला, तळवा सपाट करून, वारा असावा तसा. “असा?”

“असाच.”

“घेतली असेल,” सेलिना मगी म्हणाली. “घेतली असेल पोरीनं. आणि तीच घालून यायची म्हणून आधी कळवलं नाही.” तिचं तोंड वाकडं झालं. रडणार असं त्याला वाटलं, पण ती हसत होती. हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती. “मला चिडवायला. दारात उभी राहणार होती, टवळी, डोक्यावर ते लाल घेऊन!”

तो तिच्या शेजारी बसून राहिला. थोड्या वेळानं त्यानं चहा मागवला. तो आला, पाणचट, कागदी पेल्यांत, आणि तिनं सगळा प्यायला. ती उद्या स्ट्रॅनरारला जाणार होती. एकतीस तारखेला तिथल्या स्मारकापाशी प्रार्थना असते. दरवर्षी ती मागं उभी राहायची, कारण पुढं ज्यांची नावं आहेत त्यांची माणसं उभी राहतात. यंदा कुठं उभी राहणार ते तिनं सांगितलं नाही. दारातून बाहेर पडताना वळून एवढंच म्हणाली, “तुम्ही तेव्हा फार लहान होतात हो. थंडीसुद्धा किती होती.” हे तिनं क्षमा म्हणून सांगितलं की नुसतीच हवामानाची गोष्ट म्हणून, ते डुगल्डला जिना चढून वर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

पाचच्या सुमारास शग लॉगी त्याच्या टेबलापाशी आला. शग मुख्य उपसंपादक, चाळिशीचा, पेन्सिल कायम कानावर. सगळ्यांशी तो अरेतुरेनंच बोलायचा. “काय रे म्हाताऱ्या, शनिवारच्या तारखा अजून खाली छापखान्यात गेल्या नाहीत? राजपुत्र ह्या वर्षी मरायला तयार नाही का?”

डुगल्डनं कागद पुढं केला. संत होता, राजपुत्र होता, पाणबुड्या होत्या. शेवटच्या ओळीशी शगची नजर थांबली. त्यानं ती मोठ्यानं वाचली. “‘१९५३. स्ट्रॅनरार-लार्न फेरी वादळात बुडाली. मृतांची नेमकी संख्या ठाऊक नाही. लार्नची नॅन मगी, वय एकोणीस, धक्क्यावर चहा पिऊन निघाली होती, असं एका चहावाल्यानं सांगितलं.’ हे काय? आकडा कुठाय?”

“आकडा नाही.”

“आणि ही नॅन कोण? कुठल्या पुस्तकात आहे?”

“कुठल्याच नाही.”

“डुगल्ड, ही तारखांची जागा आहे बाबा. उद्या कुणी विचारलं, ह्या चहावाल्याला कुणी ऐकलं, तर काय सांगू?”

डुगल्डनं चष्मा काढला. नाकाच्या दोन्ही बाजूंना पडलेले खळगे त्यानं बोटांनी चोळले. खूप दमल्यासारखं वाटत होतं, पण हे दमणं दुपारचं नव्हतं. पुष्कळ चालून आल्यावर पायांना जाणवतं तसं ते होतं.

“मी ऐकलं,” तो म्हणाला.

“तू?” शगनं पेन्सिल कानावरून काढली होती ती हातातच राहिली. “तू होतास तिथं?”

“होतो.”

शगनं पलीकडची खुर्ची पायानं ओढून घेतली आणि तिच्यावर उलटा बसला. कागद त्यानं डुगल्डपुढं परत सरकवला. छापखान्यातून कुणी दोनदा हाक मारली, त्यानं ओ दिली नाही.

“सांग,” तो म्हणाला.

“रस्त्यात झाडं पडली होती,” डुगल्डनं सुरुवात केली.